पाच पावलांचा शॉट

"भाऊ, तुम्ही चालत येता तवा रडू, का येऊन थांबल्यावर?"

प्रेमिलाने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. चहात साखर एक चमचा टाकू का दोन, असं पाहुण्याला विचारावं तसं. प्रीतमच्या दोन्ही हातांत गिंबलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्राची, मूठ होती, मुठीवर कॅमेरा होता, आणि उंबऱ्याला टाच लावून तो पाचव्यांदा निघायच्या तयारीत उभा होता. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की उत्तर आपल्याला ठाऊक आहे. चालताना नाही आणि थांबल्यावरही नाही, ताई, चौथ्या पावलाला. चौथ्या पावलाला डोळे भरले की पाचव्याला पाणी गालावर येतं, आणि शॉट तिथेच संपवता येतो. एवढं सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. सकाळी वर्धा रोडवर खाल्लेल्या तर्री-पोह्यांचा आंबट ढेकर घशापर्यंत आला, तो त्याने गिळला, आणि "एक मिनिट थांबा ताई" म्हणून तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"क्या हुआ प्रीतमभाऊ?" खिडकीजवळ मॉनिटर धरून बसलेल्या हर्षितने विचारलं. "ताई एकदम झोनमध्ये आहे. टेम्पो तोडू नका ना." झोनमध्ये असलेली ताई पदराच्या टोकाने मानेचा घाम पुसत होती आणि चूक आपलीच झाली की काय, अशा नजरेने दोघांकडे आळीपाळीने बघत होती. एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचा एक वाजलेला, बुटीबोरीच्या कारखान्यांमागच्या वस्तीतली टिनाच्या छताची खोली, आणि आवाज नको म्हणून कूलर बंद केलेला. बंद कूलरच्या ताट्यांतून शिळ्या ओल्या गवताचा वास येत होता. त्यात हर्षितच्या अत्तराचा वास मिसळला होता, आणि प्रीतमला स्वतःच्या बगलेचाही वास येत होता. हे तिन्ही वास त्याला एकदम आले आणि वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडात बसलो आहोत.

प्रेमिलाचा नवरा बळीराम जवळच्याच एका कापड कारखान्यात होता. सात महिन्यांपूर्वी त्याच्या शर्टाची बाही फिरत्या रोलरमध्ये गेली आणि बाहीमागे तो गेला. आता कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. त्यात सगळ्या कामगारांना बसवून सहा मिनिटांची एक फिल्म दाखवायची होती. फिल्मचं काम हर्षितच्या एजन्सीकडे आलं, आणि कॅमेरा चालवायला हर्षितने प्रीतमला आणलं. कारण 'हाताने असा पुश-इन सगळ्या नागपुरात कुणी करत नाही', असं तो फोनवर म्हणाला होता आणि प्रीतमला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही इथेच सांगून टाकायला हवं. पुश-इन म्हणजे कॅमेरा घेऊन माणसाच्या चेहऱ्याकडे हळूहळू चालत जाणं. एवढंच. जगात एवढ्या गोष्टीला नाव आहे, दर आहे, शिकवण्या आहेत. रोलरमध्ये हात जाऊ नये म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसवतात. प्रेमिलाने म्हणायचं होतं: 'त्यांनी त्या दिवशी जाळी लावली नव्हती. तुम्ही लावत जा. घरी कुणीतरी वाट पाहत असतं.' ही वाक्यं हर्षितने लिहिली होती. शेवटच्या वाक्यावर तो खूश होता. येताना गाडीत त्याने ते तीनदा म्हणून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तर्रीचं लाल तेल त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तसंच होतं. अजूनही होतं, आता वाळलेलं. ते कुणी पुसायला सांगितलं नाही आणि प्रीतमची नजर सकाळपासून तिथून हलत नव्हती.

हर्षित पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्याने दारात बूट काढले होते. आल्याबरोबर बळीरामच्या फोटोला हात जोडले होते. मग हात सोडून तोच फोटो भिंतीवरून उतरवला आणि प्रेमिलाच्या उजव्या खांद्यामागे फळीवर ठेवला, कारण भिंतीवर तो चौकटीत येत नव्हता. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन राहिला आणि वर एक खिळा. शॉट फोटोवरून सुरू करायचा, कॅमेरा वळवत प्रेमिलावर आणायचा, आणि मग पाच पावलं चालत तिच्या चेहऱ्यात शिरायचं. चार वेळा झालं होतं. पहिल्यांदा ती खरंच रडली, पण वाक्य विसरली. दुसऱ्यांदा वाक्य बरोबर आलं, पण रडू दुसऱ्याच पावलाला आलं. तिसऱ्यांदा बाहेर गॅसवाल्याची गाडी आली. चौथ्यांदा सगळं झालं, तर हर्षित म्हणाला, "ताई, बहुत सही, पण जरा होल्ड करा. प्रीतमभाऊ जवळ आले की मग फील करा." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती लग्नातली गोष्ट, इथे विघ्न एकच होतं, की बाईचं दुःख वेळेवर येत नव्हतं. आणि आता तिने ते वेळेवर आणायचं ठरवलं होतं. विद्यार्थिनी हुशार होती, चार टेकमध्ये शिकली.

उंबऱ्यावर बसल्या बसल्या प्रीतमला कवडूभाऊ आठवला. सक्करदऱ्यात त्याचं फोटो स्टुडिओचं दुकान होतं, आणि लग्नाच्या व्हिडिओसाठी अर्धं नागपूर त्याच्याकडे यायचं. प्रीतमला त्याने कॅमेऱ्याला सहा महिने हात लावू दिला नाही. सकाळी तलावाच्या काठावर न्यायचा आणि काठोकाठ भरलेला तांब्या हातात देऊन चालायला लावायचा. "गुडघे मोड बे. टाच आधी, मंग पंजा. श्वास सोडू नको. तुया हातात कॅमेरा नाही, भरेल तांब्या आहे, सांडला तर तुया बापाची पंगत उपाशी." फिरायला आलेले लोक हसायचे. सहा महिन्यांनी पाणी सांडेनासं झालं. पाय आपसूक मोडायचे, कोपर बरगडीला चिकटायचं, आणि डोकं शरीरापासून वेगळं झाल्यासारखं सरळ रेषेत पुढे जायचं. तेव्हा गिंबल नव्हते. आता मोटारीच कॅमेऱ्याचा हिसका खाऊन टाकतात, पण वर-खाली होणं त्यांनाही मारता येत नाही, ते गुडघ्यांनीच मारावं लागतं. कवडूभाऊ सांगायचा, झूम म्हणजे जागेवर बसून हात लांब करणं, आळशी माणसाचं काम. चालत जा, म्हणजे समोरच्याला कळते का कोणी आलं. आणि हेच त्याचं खरं गुपित होतं. "माणसाच्या अंगावर काही हळूहळू चालत आलं ना प्रीतम, का त्याले रडू येतेच. काहून येते मले नाही माहीत. नवरीच्या मायकडे जा, थांबू नको, जात राहा. रडते का नाही पाय."

रडायच्याच. प्रीतमने शेकडो आया रडवल्या, मावश्या रडवल्या, दरवाज्याशी उभे असलेले टणक मामे रडवले. सुरुवातीला त्याला वाटायचं, रडू तिथे असतंच, आपण फक्त वेळेवर पोचतो. मौद्याच्या एका लग्नात हे मत फुटलं. नवरी, हिमानी नावाची, पाठवणीच्या वेळी चक्क हसत होती. नोकरी करणारी मुलगी, नवरा स्वतः निवडलेला, माहेर पस्तीस किलोमीटरवर, रडायचं कशाला? पण पाठवणीत नवरी रडली नाही तर व्हिडिओ कोण बघतो? प्रीतम चालत गेला. मंद, गुडघे मोडून. ती हसत हसत कॅमेऱ्याकडे बघत होती, मग हसू थोडं थांबलं, मग तिने आईकडे पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ थरथरला. कवडूभाऊने पाठीवर थाप दिली होती. त्या रात्रीच्या जेवणात प्रीतमने दोन जिलब्या जास्त खाल्ल्या होत्या. पुढे चार वर्षांनी सक्करदऱ्याच्या भाजीबाजारात तीच हिमानी भेटली आणि मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हीच ना व्हिडिओवाले? सासूबाई अजून तो व्हिडिओ लावतात नं म्हणतात, पाय, तुले आमच्याकडे यायचंच नव्हतं." ती हसूनच म्हणाली. प्रीतमही हसला. घरी येऊन त्याने मेथी धुतली, आणि धुताना त्याच्या ध्यानात आलं, की त्या दिवशी त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते त्याने नेऊन ठेवलं होतं.

तरी त्याने काम सोडलं नाही. सोडून करणार काय? आणि त्याला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. कॅमेरा वळवणं म्हणजे नुसती मान वळवणं, वर-खाली करणं म्हणजे माणूस नखशिखान्त बघणं, पण चालत जाण्यात एक मस्ती होती. समोरचा चेहरा मोठा होत जातो, मागची भिंत विरघळते, पाहुणे, मंडप, जेवणाच्या पंगती सगळं जगातून नाहीसं होतं आणि फक्त दोन डोळे उरतात, ते तुमचे. मागे सरकत जाणारा शॉटही असतो. माणसाला त्याच्या जागी सोडून, त्याच्याभोवतीची खोली, घर, गल्ली दाखवत मागे मागे जायचं. पंधरा वर्षांत तो शॉट त्याच्याकडे कुणी मागितला नव्हता. सगळ्यांना जवळ जायचं होतं. कारखानेवाल्यांनाही मागे सरकायचं असलं तर ते ड्रोनने, आकाशात, म्हणजे हिरवळ आणि कारखान्याची पाटी दिसते. या खोलीतून कुणी दोन पावलं मागे सरकलं असतं तर काय दिसलं असतं? बंद कूलर दिसला असता, खिळा दिसला असता, दारातले हर्षितचे पांढरे बूट दिसले असते. म्हणूनच आत जायचं. आत गेलं की चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही, आणि नुसत्या चेहऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

त्याच्या हाताला मुठीचं रबर चिकटलं होतं. घामाने ते मऊ झालं होतं, बोटांना काळं लागत होतं. त्याने बोटं पँटला पुसली, आणि पुसताना ती गोष्ट आठवली, जी तो सहसा आठवू देत नसे. दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेनऊला मेघाचा, त्याच्या बायकोचा, दवाखान्यातून फोन आला होता: लवकर या, आई गेल्या. शोभाताई, त्याची आई, अकरा दिवस तिथे होत्या. तो जिने धावत चढला. वॉर्डाच्या दारापर्यंत धावला. दारातून त्याला दिसलं, खिडकीजवळचा पलंग, पायाशी उभी मेघा, पांढरी चादर, आणि उशीवर आईचा चेहरा, डाव्या बाजूने खिडकीचा उजेड पडलेला. आणि तिथे तो धावायचा थांबला. त्याचे गुडघे मोडले. कोपर बरगडीला लागलं. टाच, पंजा, टाच, पंजा, श्वास धरून तो रिकाम्या हातांनी आईच्या चेह­ऱ्याकडे सरकत गेला, एका सरळ रेषेत, एका वेगात, दोन्ही बाजूंचे पलंग विरघळवत. दीड हातावर थांबला. थांबून मनात पाच मोजले, कारण शॉटच्या शेवटी पाच मोजायचे असतात, नंतर फिल्म जोडणाऱ्याला बरं पडतं. मेघा त्याच्याकडे बघत होती. तिचं रडणं क्षणभर थांबलं होतं. "असे काहून चालून राहिले तुम्ही?" तिने विचारलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिने त्याला स्वतःचा व्हिडिओ काढू दिलेला नाही. पोरांचे काढा म्हणते, माझे नको. आईच्या आठवणीत आता आई नाही. पलंग आहे, डावीकडचा उजेड आहे आणि एक अतिशय सुरेख पुश-इन आहे. स्वतःच्या आईचं मरण ज्याला शॉटसारखं दिसलं, त्या माणसाने आरशात बघून दाढी करायची म्हणजे शिसारीच. पण माणूस कशालाही सरावतो. तो सरावला होता. आज या बाईने चहाची साखर विचारावी तसं विचारलं आणि सगळं पुन्हा तोंडाशी आलं.

हर्षितचा फोन वाजला. "अनंत सर आहेत," असं पुटपुटत तो बूट न घालताच बाहेर पडला, आणि तापलेल्या फरशीवर पाय भाजल्यामुळे नाचत नाचत सावलीत गेला. अनंत म्हणजे कारखान्याचा कामगार विभागाचा साहेब. फिल्म त्याला पसंत पडायला हवी होती. खोलीत दोघंच राहिली. प्रेमिला उठली, तिने माठातलं पाणी आणून त्याच्यापुढे धरलं.

"उन्हाचं होते असं," ती म्हणाली. "पाणी घ्या. मंग करू. मले आता जमते."

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "रोज लावायचे ना ते जाळी? त्याच दिवशी कशी राहिली?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग खुर्चीत बसली आणि मांडीवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "जाळी होतीच कुठं जी? दोन महिने झाले होते काढून नेलेली. तुटेल होती म्हणे. घरी येऊन रोज सांगत, प्रेमिला, त्या मशीनले जाळी नाही, कोणाचा तरी हात जाईन एखाद्या दिवशी. त्यायले वाटलं होतं दुसऱ्या कोणाचा जाईन."

"मग तुम्ही असं कसं म्हणून राहिल्या? त्यांनी लावली नव्हती म्हणून?"

"मंग काय म्हणू?" तिच्या आवाजात राग नव्हता, तो यायला बराच वेळ लागणार असावा. "अनंत साहेब दोनदा घरी येऊन गेले. पॅकिंगमधी घेतो म्हणे तुमाले, कायम करतो म्हणे, फिल्म नीट होऊ द्या. आता तुमीच सांगा, मेलेल्या माणसाचं नाव जपू का पोरीचं पोट जपू? ते असते तर तेच म्हणाले असते, बोल म्हणून."

तिने शेवटचं वाक्य असं सहज म्हटलं की प्रीतमला बळीराम या खोलीत उभा दिसला, फोटोतला नव्हे, बायकोला 'बोल' म्हणणारा. म्हणजे आपण काय करत होतो? त्या खोट्या वाक्याकडे पाच पावलं चालत जात होतो. टाच, पंजा. चालत गेलं की वाक्य खरं वाटतं. कुणी नुसतं उभं राहून हे सांगितलं असतं तर कारखान्यातल्या सातशे माणसांतल्या दहांनी तरी एकमेकांकडे पाहिलं असतं, कारण त्यांना ती मशीन माहीत होती. पण कॅमेरा असा मायेने जवळ जाणार, डोळे भरणार, मागे फोटो धूसर होणार, आणि ते दहाजणसुद्धा नाक ओढत घरी जाऊन म्हणणार, बळीरामची चूकच झाली गा. त्यांना रडवून गप्प करायचं काम होतं हे. आणि ते काम नागपुरात त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं. त्याला इतकी घाण वाटली की माठाचं गार पाणी त्याने तोंडालाही लावलं नाही. हातातला पेला, त्यावर उमटलेली स्वतःची काळी बोटं, मोडलेले गुडघे, सगळंच त्याला दुसऱ्याचं, न धुतलेलं वाटायला लागलं. नाही चालणार आपण, त्याने ठरवलं. आयुष्यात एकदा तरी उभं राहू.

हर्षित आत आला तेव्हा कॅमेरा गिंबलवरून उतरला होता आणि दारातच ट्रायपॉडवर चढला होता. "मोटर गेली," प्रीतम म्हणाला. "गरमीने. चालत नाही आता, फिक्स घ्यावा लागेल." हे खोटं त्याच्या तोंडून इतक्या सफाईने आलं की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. हर्षितने कपाळावर हात मारला. "यार भाऊ! मग झूम?" लेन्स झूमची नव्हती. दुसरी आणली नव्हती. नागपुरातून मागवायची तर दोन तास, आणि अनंत सर अर्ध्या तासात गेटवर येणार होते. हर्षित दोनदा फोनवर कुणाशी तरी बोलला, मग म्हणाला, "ठीक आहे, घ्या. रॉ वाटेल. रॉ भी चलता है आजकल." प्रीतमने स्क्रू आवळला. बऱ्याच दिवसांनी त्याचे गुडघे सरळ होते. त्याला चक्क बरं वाटत होतं, अंघोळ झाल्यासारखं. चौकटीत आता सगळं येत होतं, कूलर, खिळा, बाई, तिच्यामागे माणसाचा फोटो, आणि भिंतीवर तो फिकट चौकोन. हे जसं आहे तसं दिसू दे, तो स्वतःशी म्हणाला, ज्याला समजायचं त्याला समजेल. माणूस एखादं चांगलं काम करतो तेव्हा किती लवकर फुगतो, हे बघण्यासारखं असतं.

"रोल," हर्षित म्हणाला.

प्रेमिलाने पदर नीट केला. "त्यांनी त्या दिवशी जाळी लावली नव्हती," ती म्हणाली आणि थांबली. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि कॅमेरा निघत नव्हता. तिने पुन्हा म्हटलं, "त्यांनी त्या दिवशी जाळी लावली नव्हती. तुम्ही लावत जा." डोळे कोरडे होते. तिची नजर लेन्सवरून प्रीतमवर आली. चार वेळा हा माणूस वाकून, मांजरासारखा आला होता, पाचव्यांदा खांबासारखा का उभा आहे, हे तिला कळेना. मोटर गेली वगैरे तिने ऐकलं असेल, पण तिला त्यातलं काय समजणार? तिला एवढंच समजलं होतं की तो आला की रडू येतं, आणि रडू आलं की पॅकिंगमध्ये काम मिळतं. "येऊन राहिले ना भाऊ?" तिने हळूच विचारलं. प्रीतमने मान हलवली, नाही. हर्षित कट म्हणायला हात उचलत होता.

आणि प्रीतमला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. पूर्ण सकाळ त्याने त्या चेहऱ्यावर दुःख शोधलं होतं, घाम पाहिला होता, शिकण्याची धडपड पाहिली होती, पण ही भीती नवी होती, आणि ती त्याने आणली होती, आपल्या सरळ गुडघ्यांनी, आपल्या अंघोळ झालेल्या मनाने. त्याच्या स्वच्छ होण्याचे पैसे ही बाई भरत होती. त्याला संध्याकाळी घरी जायचं होतं, दुसरं काम कुणीही दिलं असतं. आणि शोभेल असा प्रामाणिकपणा तो तिच्या पोरीच्या ताटातून उचलून खात होता. आता त्याला सगळ्याचीच किळस आली, हर्षितची, फिल्मची, चालण्याची आणि न चालण्याचीही. गिंबल खाली पिशवीवर पडला होता, धडधाकट. उचलावा, कॅमेरा चढवावा, मोटर सुरू झाली म्हणावं. तो वाकणार तेवढ्यात फरशीवर काहीतरी करकरलं.

प्रेमिलाने खुर्चीचे दोन्ही हात धरले होते आणि बसल्या बसल्याच ती खुर्ची पुढे ओढत होती. "मंग मीच येतो," ती म्हणाली, कुणाला म्हणून नाही. प्लास्टिकचे चार पाय खरखरत हातभर पुढे आले. "त्यांनी त्या दिवशी जाळी लावली नव्हती." पुन्हा खरखर. "तुम्ही लावत जा." हर्षितचा वर गेलेला हात हवेतच राहिला. तिची नजर लेन्सवरून हलली नाही. मागचा फोटो दूर राहिला, भिंत दूर राहिली, खिळा दिसेनासा झाला. तिसऱ्यांदा खुर्ची सरकली तेव्हा तिचा आवाज फाटला, आणि चौथ्यांदा सरकली तेव्हा डोळे भरले, अगदी तिथेच, जिथे भरायला हवे होते. "घरी कुणीतरी वाट पाहत असतं," ती म्हणाली, आणि पाणी गालावर आलं.

आता माणूस लेन्सजवळ येतो तसा फोकस फिरवत राहावा लागतो, नाहीतर चेहरा धूसर होतो आणि शॉट वाया जातो. ट्रायपॉड हलत नव्हता, प्रीतमचे पाय हलत नव्हते. फक्त त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं, कुणी न सांगता, लेन्सची रिंग फिरवत होती. खुर्ची करकरली की फिरायची, थांबली की थांबायची. सोडून द्यावी, त्याच्या मनात येऊन गेलं. मग मनात आलं, सोडली तर तिला पुन्हा करावं लागेल. बोटांनी त्याचं यातलं काहीच ऐकलं नाही. प्रेमिला अगदी दीड हातावर येऊन थांबेपर्यंत तिचे डोळे एक क्षणही धूसर झाले नाहीत, आणि ती थांबल्यावर त्याने पाच मोजले.

"कट!" हर्षित ओरडला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "अरे बाप रे, ताई! हे मी लिहूच शकलो नसतो. खुर्चीचा आवाज काढून टाकू, म्युझिक टाकू." फोन काढून तो अनंत साहेबाला सांगायला बाहेर धावला, यावेळी बूट घालून. प्रेमिला तशीच लेन्ससमोर बसून होती, इतकी जवळ की प्रीतमला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने पदराने आधी गाल पुसले, मग नाक पुसलं, आणि परीक्षेचा निकाल विचारावा तसं हळू आवाजात विचारलं, "चांगलं आलं का भाऊ?"

"हो ताई," तो म्हणाला. "चांगलं आलं." आणि ते आलंच होतं, पंधरा वर्षांत त्याने याहून चांगला शॉट घेतला नव्हता.